घरची खाण आणि सूर्याची वीज

सोन्याच्या शोधार्थ मनुष्यानें डोंगर पोखरले, नद्यांची वाळू चाळली. एकविसाव्या शतकांत मात्र घरांतील मेजावर मांडतां येईल अशी खाण निघाली. ता. ३ जानेवारी २००९ रोजीं सातोशी नाकामोतो हें टोपणनांव घेतलेल्या अज्ञात व्यक्तीनें बिटकॉइन या नाण्याच्या हिशेबवहीचें पहिलें पान लिहिलें. या नाण्यास टांकसाळ नाहीं. सर्वांस खुल्या असलेल्या या वहीला सुमारें दर १० मिनिटांनीं एक पान जोडलें जातें. तें जोडण्याचा मान मिळावा म्हणून जगभरचीं गणकयंत्रें एक विशिष्ट संख्या हुडकण्याची शर्यत लावितात, आणि जिंकणारास नवीं नाणीं मिळतात. यासच खाणकाम म्हणतात.

प्रारंभीं बक्षीस ५० नाण्यांचें होतें व घरचें साधें यंत्रहि तें मिळवूं शके. २०१३ पासून मात्र केवळ याच कामासाठीं घडविलेलीं यंत्रें आलीं. २०१६ सालचें अँटमायनर एस-९ सुमारें १३०० वॅट वीज घेई. अहोरात्र चालल्यास दिवसाला ३१ युनिटें खर्च होत. विजेचें बिल पाहून कित्येक हौशी खाणकऱ्यांची दृष्टि छपरावरील उन्हाकडे वळली. १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें सिलिकॉनची सौरघटिका जगापुढें मांडली होती; तिच्याच वंशांतलीं पॅनेलें आतां गृहस्थाच्या आटोक्यांत आलीं होतीं.

परंतु हिशेब सरळ नव्हता. एक किलोवॅटचें पॅनेल चांगल्या उन्हांत दिवसाला सुमारें ४ युनिटें देतें. म्हणजे त्या एका यंत्रास जवळजवळ ८ किलोवॅटचीं पॅनेलें आणि रात्रीसाठीं बॅटऱ्या हव्यात. बॅटऱ्या वगळल्या तर यंत्र सूर्यास्तास थांबतें, शर्यत थांबत नाहीं. शिवाय दर २,०१६ पानांनंतर, म्हणजे सुमारें पंधरवड्यानें, शर्यतींत उतरलेल्या यंत्रांच्या बळाप्रमाणें कोडें अधिक बिकट किंवा सोपें होतें. त्यामुळें यंत्रें वाढलीं तरी नाणीं वाढत नाहींत. घरच्या यंत्राचा वांटा तेवढा घटतो. बक्षीसहि २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ या सालीं निम्मेनिम्म होत ३.१२५ नाण्यांवर आलें.

सूर्य आपल्या प्रकाशाचें मोल घेत नाहीं, हें खरें. पण पॅनेल, बॅटरी आणि यंत्र यांस मोल पडतें. आणि जी वीज घरचे दिवे, पंखे वा पाण्याचा पंप चालवूं शकते, किंवा वीज कंपनीच्या तारांत सोडून बिलांतून वजा करून घेतां येते, ती खाणींत घातली म्हणजे फुकट ठरत नाहीं. घरच्या जमाखर्चांत तें प्रत्येक युनिट खर्चाच्याच बाजूस मांडावें लागतें.