रॉटनचे मुक्तपुच्छ वटवाघूळ

मोलॉसिडी कुलातील कीटकभक्षी वटवाघूळ. शास्त्रीय नाव ओटोमॉप्स रॉटोनाय. ऑल्डफील्ड टॉमस यांनी १९१३ साली त्याचे वर्णन केले आणि मुंबई इलाख्यातील वनाधिकारी व सस्तन प्राण्यांचे अभ्यासक आर. सी. रॉटन यांचे नाव त्याला दिले. ज्यावरून हे वर्णन झाले तो नमुना बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील बारापेडे गुहेतला होता. गोवा आणि महाराष्ट्राच्या सीमांपासून जवळ असलेली ही गुहा आज भीमगड अभयारण्यात येते. कपाळावर एकमेकांना जोडलेले, पुढे झुकलेले मोठे कान, गडद तपकिरी पाठ, मानेवर फिकट पट्टा आणि पायांमधल्या पडद्याबाहेर निघालेले जाड शेपूट यांमुळे ते सहज ओळखू येते. जवळजवळ नव्वद वर्षे ते जगात फक्त याच एका गुहेत राहते, असे मानले जात होते.

ही समजूत वाघळाच्या वस्तीपेक्षा आपल्या शोधाच्या मर्यादेबद्दल अधिक सांगते. २००० च्या सुमारास उत्तर कंबोडियात एक नमुना सापडला आणि पुढे मेघालयाच्या चुनखडकातील गुहांमध्येही वस्ती आढळली. एवढ्या दूरच्या प्रदेशांत आढळणारा प्राणी अधल्यामधल्या मुलखात मुळीच नसेल, हे पटण्याजोगे नाही. यावर एक आक्षेप स्वाभाविक आहे: सह्याद्रीत वाघळांचा अभ्यास बराच झाला, मग दुसरी गुहा का सापडली नाही? उत्तर त्याच्या जीवनक्रमात आहे. लांब, अरुंद पंखांमुळे ते मोकळ्या आकाशात उंचावरून वेगाने उडते. जमिनीलगत लावलेल्या जाळ्यात असा प्राणी क्वचितच अडकतो. दिवसा ते गुहेच्या छतातील पोकळ्यांत लहान गटांनी दाटीने बसते, त्यामुळे खालून विजेरी फिरवणाऱ्याच्या नजरेतून सुटू शकते. शिवाय एखाद्या भागात नोंद नाही, एवढ्यावरून तिथे प्राणीच नाही असे ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्राणी दूरवर पसरलेला असेल, तर एका गुहेसाठी एवढी दक्षता कशाला? आययूसीएनच्या लाल यादीत एकेकाळी अतिसंकटग्रस्त असलेली ही जाती पुढे 'अपुरी माहिती' या वर्गात गेली, म्हणून हा प्रश्न विचारला जातो. पण या वर्गाचा अर्थ धोका टळला असा होत नाही. मादीला एका वेळी एकच पिल्लू होत असल्यामुळे घटलेली संख्या भरून यायला वर्षे लागतात. एका गुहेत धूर झाला, दिवे आणि माणसांची वर्दळ वाढली, तरी अख्खी वसाहत उठू शकते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात या वाघळाला दिलेले स्थान म्हणूनच योग्य आहे. नव्या नोंदींनी ते सैल करण्याचे कारण मिळत नाही. खरी उणीव शोधाच्या साधनांची आहे. इतर अनेक कीटकभक्षी वाघळांच्या मानाने याची हाक खालच्या पट्टीतली असते आणि अशी हाक हवेत दूरवर पोहोचते. तेव्हा म्हादईच्या खोऱ्यात आणि तिलारी-चोर्ला परिसरातील कड्यांवर ध्वनिमुद्रक लावून ती ऐकणे, हा जाळ्यांपेक्षा खात्रीचा मार्ग आहे.