एडसेल मोटारीची कथा
वाचकहो, मोटार खपते ती कशावर? अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीने १९५७ साली एक नवी मोटार काढली. नाव सुचवायला १९५५ मध्ये मेरिॲन मूर या नामवंत कवयित्रीला विनंती केली होती. पण तिची नावे बाजूला ठेवून अखेर हेन्री फोर्ड यांच्या दिवंगत चिरंजीवांचे, म्हणजे ‘एडसेल’ हेच नाव दिले. जाहिराती अशा, की मोटार पुरती दाखवायचीच नाही, नुसती उत्सुकता वाढवायची. बारशाआधीच पेढे वाटावे, तसला प्रकार! ४ सप्टेंबरला पडदा उघडला. लोक झुंडीने आले, पाहून परत गेले. पुढची उभी जाळी कित्येकांना घोड्याच्या गळपट्ट्यासारखी दिसली. आणि आत पाहावं, तर काही गाड्यांत गिअरची बटणं स्टिअरिंगच्या चाकात मधोमध! भोंगा वाजवायला हात जातो तिथंच. मग गोंधळ होणार नाही तर काय? १९५९ च्या गाड्यांतून कंपनीने ती काढूनच टाकली. तरी सगळं खापर बटणांवर फोडणं मला रास्त वाटत नाही. १९५८ साली तिकडे मंदी होती, मध्यम किमतीच्या मोटारींना गिऱ्हाईक आटलं होतं. नोव्हेंबर १९५९ मध्ये एडसेल बंद झाली. जाहिरातींच्या भरवशावर एजन्सी घेतलेल्या पुष्कळ विक्रेत्यांनी त्याआधीच ती सोडून दिली होती.