गोदावरीचे पाणी आणि सातबारा नसलेली माणसे

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात भांडण झाले, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जुनी कथा, म्हणजे म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसल्याची कथा नाकारली आणि तिच्या जागी हे पाण्याचे भांडण मांडले. विहारांत, वर्षावासाच्या वाचनात आपण हे अनेकदा ऐकतो. पण त्या प्रकरणातील एका तपशिलाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पाण्यावरून मारामारी झाली ती शाक्यांच्या आणि कोलियांच्या नोकरांमध्ये. जखमा झाल्या त्या नोकरांना. पाणी मालकांच्या शेताला जाणार होते.

आम्ही मराठवाड्यात ऊसतोड कामगारांच्या वस्त्यांवर काम करतो. गोदावरीच्या पाण्याचा वाद पेटला की आम्हाला हे नोकर आठवतात.

दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या सुमारास पैठणच्या जायकवाडी धरणातील साठ्याचा हिशेब होतो. साठा ठरलेल्या ६५ टक्क्यांपेक्षा कमी भरला, तर नाशिक आणि नगर जिल्ह्यांतील वरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचे, असे सूत्र ठरले आहे. अशा वर्षी मोर्चे निघतात, रास्ता रोको होतो, न्यायालयात धाव घेतली जाते. खालचे म्हणतात, आमच्या हक्काचे पाणी द्या. वरचे म्हणतात, एक थेंबही जाऊ देणार नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या गावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरू लागतात. बायका-पोरे, भांडीकुंडी, शेळ्या-कोंबड्या घेऊन टोळ्या ऊस तोडायला निघतात. या भांडणात ही माणसे कोणत्या बाजूची, असा प्रश्न आम्ही कधी कुणाला विचारताना पाहिलेले नाही. म्हणून तो आम्ही विचारतो आहोत. आणि त्याचे उत्तर शोधायचे तर इतिहासात जावे लागेल.

गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातील धरणे इंग्रजांच्या काळापासूनची आहेत. दारणा धरण १९१६ मध्ये आणि प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पुरे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या भीषण दुष्काळांनंतर दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात सरकारने कालव्यांची कामे हाती घेतली. हेतू दुष्काळापासून संरक्षणाचा होता. ज्वारी-बाजरी जगावी, माणसे आणि जनावरे जगावीत, एवढाच. पण चांगला पाऊस झाला की ज्वारीचा शेतकरी पाणीपट्टी भरून कालव्याचे पाणी घेत नसे, आणि मग कालव्याचा खर्च निघत नसे. सरकारला बारमाही गिऱ्हाईक हवे होते. ते गिऱ्हाईक म्हणजे ऊस. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी सुचवलेल्या 'ब्लॉक' पद्धतीत उसाला एका हिश्श्यापुरती मर्यादा घालून बाकीचे पाणी इतर पिकांना आणि अधिक गावांना देण्याचा विचार होता. प्रत्यक्षात उसाला हमीचे पाणी मिळाले आणि मर्यादा मागे पडली. १९३२ मध्ये साखरेला आयातकराचे संरक्षण मिळाले. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला.

सहकाराने सावकाराच्या तावडीतून अनेक शेतकऱ्यांना सोडवले, हे आम्ही नाकारत नाही. पण कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला पाणी लागते, आणि कालव्याचे पाणी मागायला जमीन लागते. ज्याच्याकडे जमीनच नाही, तो या सहकारात कुठे बसतो? तो फडात बसतो, कोयता घेऊन.

जमीन का नाही, याचेही उत्तर इतिहासातच आहे. गावगाड्यात महारांच्या वाट्याला आली ती वतनाची हाडकी-हाडोळ्याची जमीन. गावकीची आणि सरकारची रात्रंदिवस सेवा, आणि बदल्यात हा तुकडा. ही गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन सुधारणेचे विधेयक आणले. ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. तोपर्यंत कालव्याकाठची जमीन कुणाच्या नावावर असायची ते ठरून गेले होते. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला, तुरुंग भरले. मागणी जमिनीची होती. त्या मागणीच्या पोटात पाण्याचीही मागणी होती, हे आज अधिक स्पष्ट दिसते.

आता जायकवाडीकडे येऊ. या धरणाचे नाव बीड जिल्ह्यातील एका गावाचे आहे. निजामाच्या काळात धरण तिथे व्हायचे होते, पुढे जागा पैठणला आली. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. धरणाची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी. शंभराहून अधिक गावे पाण्याखाली गेली. जमिनीची भरपाई जमीनवाल्याला मिळाली. त्या जमिनीवर राबणाऱ्याचे घर गेले, काम गेले, पण कागदावर त्याचे काहीच गेले नव्हते.

धरण झाले, पण वरच्या खोऱ्यातील धरणे आणि कालवे वाढतच राहिले. गोदावरी पाणी तंट्याच्या बच्छावत लवादाचा निवाडा १९८० मध्ये आला. त्याने पैठणपर्यंतचे सगळे पाणी वापरायची मुभा महाराष्ट्राला दिली. म्हणजे पैठणच्या वर दुसऱ्या राज्याचा वाटा नाही. जे पाणी अडले, उपसले गेले, ते महाराष्ट्रानेच. नदीत जेवढे पाणी येते त्याहून जास्त पाण्यावर हक्क सांगितले गेले, आणि प्रत्येक हक्कामागे एक राजकीय घराणे, एक कारखाना उभा होता. कालव्याचे पाणी कमी पडले तेव्हा विहिरी आणि बोअर खोल गेले. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी मुरते ते भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात. हा साठा मुळातच थोडा असतो. तो ज्याच्याकडे मोटार आणि भांडवल आहे त्याने आधी उपसला.

२००५ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. खोऱ्यातील टंचाई सर्वांनी सारखी वाटून घ्यावी, हे तत्त्व त्यात आले. पण ते अंमलात यायला भांडावे लागले. २०१२-१३ च्या दुष्काळात जायकवाडी कोरडे पडले. मेंढेगिरी समितीने पाणी सोडण्याची सूत्रे सुचवली, २०१४ मध्ये प्राधिकरणाने आदेश दिला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. २०१५ मध्ये १२.८४ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, २०२३ मध्ये सुमारे ८.६ टीएमसीचा. हा लढा ज्यांनी लढवला त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मराठवाड्यावर अन्याय झाला, हे खरेच आहे.

पण इथेच थांबायचे का? समन्यायी वाटप हा शब्द धरणापासून धरणापर्यंत आला आणि धरणाच्या भिंतीपाशी थांबला. जायकवाडीत आलेले पाणी पुढे कालव्याने कुणाकडे जाते? मराठवाड्यातही साखर कारखाने निघाले, लाभक्षेत्रात ऊस वाढला आणि कालव्याच्या टेलचा शेतकरी कोरडा राहिला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले. लातूर गोदावरीच्याच खोऱ्यात आहे. त्याच मराठवाड्यात आदल्या हंगामात कारखान्यांची धुराडी पेटली होती. राज्यात लागवडीच्या सुमारे ४ टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे जवळजवळ ७० टक्के पाणी घेतो, असे कृषिमूल्य आयोगाच्या हवाल्याने वर्षानुवर्षे सांगितले जाते. तो ऊस नगरचा की बीडचा, याने नदीला काय फरक पडतो?

आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याला? पाणी वापर संस्थांचा कायदाही २००५ चाच. त्यात सभासदत्व लाभक्षेत्रातील जमीनधारकांना आणि कब्जेदारांना. भूमिहीनाला संस्थेत जागा नाही. पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसणाऱ्याचे नाव सरकारी दप्तरात अतिक्रमणदार म्हणून. चारी त्याच्या बांधाजवळून वाहते आणि पुढे जाते. पाणी जमिनीच्या मागे जाते आणि जमीन जातीच्या मागे गेलेली आहे. वरचे विरुद्ध खालचे हे भांडण नकाशावरचे आहे. गावातले वरचे-खालचे त्यात दिसत नाहीत.

ज्याला पाणी मिळत नाही, तो पाण्याकडे चालत जातो. बीड जिल्ह्यातली जोडपी नगरच्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या फडात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. पाणी उसाने प्यायले, आणि तोच ऊस तोडण्यासाठी त्या पाण्यावर हक्क नसलेल्या बाईने आपले शरीर दिले. अतिउपशाचा हिशेब टीएमसीत मांडला जातो, तेव्हा हा आकडा त्यात का धरत नाहीत?

या ठिकाणी बाबासाहेबांचे नाव सगळेच घेतात. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर खोऱ्याची योजना पुढे नेली. १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग उभा राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कटकला महानदीच्या प्रश्नावर त्यांनी भाषण केले. नदीचे खोरे एक मानून नियोजन करा, प्रांतांच्या सीमा त्याच्या आड येऊ देऊ नका, हा त्यांचा आग्रह होता. पाटबंधारे खात्याच्या कार्यक्रमांत १४ एप्रिलला एवढे सांगितले जाते आणि टाळ्या पडतात.

पण १९४७ मध्ये त्याच बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिले. शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, जमीन राज्याची असावी, ती जातपात न पाहता गावकऱ्यांना सामूहिकपणे कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार राहणार नाही, कूळ राहणार नाही आणि भूमिहीन मजूरही राहणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. ही दोन्ही मांडणी एकत्र वाचली तरच अर्थ लागतो. राज्यकर्त्यांनी पहिली अर्धी घेतली आणि दुसरी अर्धी सोडली. धरणे घेतली, जमिनीचा प्रश्न टाळला. बाबासाहेबांनी धरणांचा पुरस्कार केला म्हणून प्रत्येक मोठे धरण योग्य, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या नावाने धरण बांधून पाणी सातबाऱ्याला जखडणे ही फसवणूक आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर आपण ओंजळीचा हक्क घेतला. पाटाच्या पाण्याचा हक्क अजून घ्यायचा आहे.

यावर नेहमीचा आक्षेप येतो. पाणी आधीच कमी आहे, त्यात आणखी वाटेकरी कसे वाढवायचे? आमचे उत्तर आहे, पाणी कमी पडते तेच वाटेकरी थोडे असल्यामुळे. जमिनीच्या मापाने पाणी मागायचे ठरले की ज्याची जमीन मोठी त्याची तहान मोठी, आणि त्या तहानेला शेवट नाही. माणशी पाणी ठरले की मर्यादा आपोआप येते.

हा केवळ कल्पनाविलास नाही. गोदावरीच्या खोऱ्याबाहेर, पुरंदर तालुक्यातल्या नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिथला नियम असा की पाणी जमिनीच्या नव्हे तर घरातल्या माणसांच्या हिशेबाने द्यायचे, माणशी अर्ध्या एकरापुरते आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि उसाला पाणी नाही. नीट पाहा, वाटेकरी वाढले तिथेच उसाला बंदी आली. न्याय आणि नदीचे रक्षण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्या छोट्या प्रयोगाने दाखवून दिले.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. पाणी वापर संस्थेत भूमिहीन कुटुंबाला सभासदत्व आणि ठरावीक पाण्याचा हक्क द्या. ते पाणी त्याने बटाईच्या जमिनीवर वापरावे किंवा गटाने वापरावे. गायरान कसणाऱ्याच्या नावे जमीन करा आणि तिला पाण्याची पाळी द्या. टंचाईच्या वर्षी कपात आधी उसाची करा, मग तो वरच्या धरणावरचा असो की जायकवाडीवरचा. जे मराठवाड्याच्या हक्काची भाषा बोलतात त्यांनी हा हक्क आपल्या गावच्या वस्तीपर्यंत नेऊन दाखवावा. तसे झाले तर त्यांच्या मोर्चात पुढे चालायला आम्ही तयार आहोत.

रोहिणीच्या वादात सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला. दोन माणसे शाक्यांनी निवडावीत, दोन कोलियांनी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी वाद मिटवावा, असा त्याचा प्रस्ताव होता. संघाने बहुमताने तो फेटाळला आणि त्याला घर सोडावे लागले. आज प्राधिकरण आहे, समित्या आहेत, न्यायालय आहे. म्हणजे पंचांची कल्पना उशिरा का होईना मान्य झाली. उरला आहे प्रश्न त्या नोकरांचा. ज्यांची डोकी फुटली त्यांचा प्रतिनिधी अजून पंचांत बसलेला नाही. तो बसेपर्यंत गोदावरीचा वाद मिटला असे आम्ही मानणार नाही.

जय भीम!