कोणाचा पट्ठा, कोणता घाट : पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील खेळसंघांच्या ओळखीचा इतिहास

संघाची किंवा खेळाडूची प्रेक्षकाला ओळख करून देणारे पान ही संकेतस्थळांच्या काळातील निर्मिती मानली जात असली, तरी त्या पानाचे काम महाराष्ट्रात संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आले आहे. पुणे शहराच्या उत्तरेला भोसरी, चिखली, मोशी, आळंदी, चाकण, खेड असा जो टापू आज औद्योगिक पट्टा म्हणून ओळखला जातो, तेथे हे काम आधी कुस्तीच्या हँडबिलाने आणि बैलगाड्याच्या घाटावरील निवेदकाने केले, नंतर व्यावसायिक लीगमधील संघांनी ते पगारी माणसांकडे सोपवले, आणि गेल्या काही वर्षांत ते पुन्हा गावातल्या तरुणांच्या मोबाइलवर येऊन पोचले. या प्रवासात मांडणी वारंवार बदलली, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी संघाला त्याच्या गावापासून किती तोडता येते याचीही परीक्षा झाली.

जत्रेतील कुस्तीच्या मैदानाचे हँडबिल हा या परंपरेतील सर्वांत जुना आणि आजही जिवंत असलेला नमुना आहे. त्याच्या माथ्यावर ग्रामदैवताचे नाव, त्याखाली ‘निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान’ अशी ठळक ओळ, आणि मग जोडीजोडीने छापलेले पैलवानांचे फोटो असतात. निकाली म्हणजे चीतपट झाल्याखेरीज न संपणारी कुस्ती. फोटोखाली पैलवानाचे नाव, गाव आणि जिल्हा, तालमीचे नाव, आणि ‘अमुक वस्तादांचा पट्ठा’ अशी नोंद येते. पट्ठा म्हणजे शिष्य, आणि वस्तादाचे नाव पुष्कळदा पैलवानाच्या नावाइतकेच मोठे छापलेले असते. दोन फोटोंच्या मध्ये ‘विरुद्ध’ हा शब्द आणि इनामाची रक्कम असते. इनाम जसजसे कमी होत जाते तसतसा फोटो लहान होतो, आणि तळाच्या जोड्यांना केवळ नावावर समाधान मानावे लागते. वजन, उंची, वय किंवा आजवरच्या विजयांची संख्या यांतले सहसा काहीच तेथे नसते, कारण इनामी मैदानात जोड नजरेने ठरवली जाते आणि पंच कमिटीचा अनुभव हाच तिचा तराजू असतो. किताब असेल तर तो मात्र आवर्जून छापला जातो. १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब सुरू केल्यावर हँडबिलावरच्या ओळखीत गावाबाहेरच्या, राज्यभर मान्य अशा एका मोजमापाचा प्रथमच शिरकाव झाला.

हँडबिलात जे मावत नसे ते निवेदक सांगे. कोथळीचे शंकरराव पुजारी यांनी कुस्तीच्या निवेदनाला स्वतंत्र कलेचा दर्जा मिळवून दिला. पैलवान मैदानात फेरी मारीत असताना त्याचे घराणे, त्याची तालीम, त्याच्या वस्तादाचा लौकिक आणि त्याचा हातखंडा डाव यांची माहिती ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांपर्यंत पोचवण्याची ती रीत होती. आजच्या भाषेत ज्याला खेळाडूचा परिचय म्हणतात तो असा कानांवाटे, हलगीच्या तालावर आणि ऐन वेळी मिळत असे, हे त्याचे बलस्थान होते.

या टापूची लोकवस्ती बदलली तेव्हा हँडबिलाचा अर्थही बदलला. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५०च्या दशकात उभा राहिला, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि १९९७ मध्ये चिखली, मोशी, चऱ्होली यांसारखी गावे तिच्या हद्दीत आली; चाकणला मोटारींचे आणि दुचाकींचे मोठे कारखाने त्यानंतर वाढले. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा आणि विदर्भ येथून आलेल्या कामगाराला भोसरीच्या जत्रेतील भैरवनाथ आपला वाटायला वेळ लागला असेल, पण हँडबिलावर ‘जि. सांगली’ हे दोन शब्द दिसले की मैदानात कोणाच्या बाजूने ओरडायचे हे त्याच्यापुरते ठरून जाई. स्थानिक प्रेक्षकासाठी जी केवळ पत्त्याची ओळ होती, ती स्थलांतरित प्रेक्षकासाठी निष्ठेची खूण झाली. संघाशी नाते जोडण्याचे हे साधन कोणी ठरवून शोधलेले नव्हते.

कबड्डीने दुसरी वाट धरली. हुतुतू या नावाने गावोगाव वेगवेगळ्या रीतींनी खेळल्या जाणाऱ्या या खेळाचे नियम १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने छापले, पुढे मैदानाची मापे ठरत गेली, आणि पुरुषांसाठी १३ मीटर बाय १० मीटर हे क्षेत्र सर्वत्र एकच झाले. मैदान एकसारखे झाले की एका गावातल्या चढाईची तुलना दुसऱ्या गावातल्या चढाईशी करता येते, आणि मग खेळाडूची ओळख आकड्यांत सांगण्याला अर्थ येतो. २०१४ च्या जुलैमध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा तिच्या संघांनी या शक्यतेचा पुरेपूर वापर केला. खेळाडूच्या पानावर चढाईपटू, बचावपटू की अष्टपैलू हे आधी येऊ लागले, चढाईचे गुण आणि पकडीचे गुण वेगळे मोजले जाऊ लागले, आणि एका सामन्यात चढाईचे दहा गुण मिळवण्याला ‘सुपर टेन’, तर पकडीचे पाच गुण मिळवण्याला ‘हाय फाइव्ह’ अशी नावे मिळाली. ज्या खेळात मंडळाचे नाव हेच खेळाडूचे आडनाव असल्यासारखे घेतले जाई, त्यात हा बदल लहान नव्हता.

याच काळात पिंपरी-चिंचवडच्या अगदी लगत व्यावसायिक संघांची एक रांगच लागली. गहुंजे येथील महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे मैदान एप्रिल २०१२ मध्ये खुले झाले आणि ते पुणे वॉरियर्स इंडिया या आयपीएल संघाचे घर झाले. तो संघ २०१३ च्या हंगामानंतर उरला नाही. २०१६ मध्ये दोन वर्षांपुरता रायझिंग पुणे सुपरजायंट्स हा संघ आला, दुसऱ्या हंगामात त्याने कर्णधार बदलला आणि नावातला शेवटचा ‘स’सुद्धा काढून टाकला, २१ मे २०१७ च्या अंतिम सामन्यात तो मुंबईकडून एका धावेने हरला आणि ठरल्याप्रमाणे विसर्जित झाला. बालेवाडीत २०१४ पासून खेळणारा एफसी पुणे सिटी हा फुटबॉल संघ २०१९ मध्ये संपला आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबादचा संघ आला. या तिन्ही संघांनी रंग, चिन्ह, घोषवाक्य आणि खेळाडूंची सजवलेली पाने यांत कसर केली नव्हती. तरीही कुस्तीच्या हँडबिलावरील पहिल्याच प्रश्नाला, म्हणजे हा कुठला आणि कोणाचा या प्रश्नाला, त्यांच्याजवळ शहराच्या नावापलीकडे उत्तर नव्हते, आणि शहराचे नाव हे लिलावात मिळते. प्रो कबड्डी लीगमधील पुणेरी पलटण मात्र टिकली. पहिल्या दोन्ही हंगामांत तळाला राहिलेल्या या संघाने अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून विजेतेपद मिळवले. तिच्या टिकण्याचे श्रेय पानांच्या मांडणीला देता येणार नाही. कर्णधार स्वतः तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला, आणि ज्या मंडळांतून असे खेळाडू घडतात ती आसपासच्या जिल्ह्यांत आधीपासून होती.

बैलगाडा शर्यतीचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील गाडा हा सातारा-सांगलीकडच्या शर्यतीपेक्षा किंवा विदर्भातील शंकरपटापेक्षा वेगळा असतो. चढाच्या मातीच्या धावपट्टीला घाट म्हणतात. चार बैलांचा हलका गाडा त्यावर एकटाच सुटतो, गाड्यावर हाकणारा बसलेला नसतो, पुढे घोडी पळते, आणि दोन खुणांमधले अंतर किती सेकंदांत कापले यावर निकाल ठरतो. एका गाड्याच्या एका धावेला बारी म्हणतात, बाऱ्यांचा क्रम टोकनवर लागतो, आणि दिवसभरात सर्वांत कमी वेळ घेणारा गाडा ‘घाटाचा राजा’ होतो. गाडा एका मालकाचा असेलच असे नाही. दोन गावांच्या मालकांनी आपापले बैल एकत्र जुंपले की त्याला जुगलबंदी म्हणतात. बारी सुटण्यापूर्वी निवेदकाला हे सगळे एका दमात सांगावे लागते : ग्रामदैवताचे नाव, कोणाच्या स्मरणार्थ गाडा पळतो ते नाव, मालक, गाव, आणि मग बैल. उच्चारायला लागणारा वेळ पुष्कळदा प्रत्यक्ष बारीहून अधिक असतो, आणि तरी त्यातले एखादे नाव गळले तर मांडवातून लगेच चिठ्ठी येते.

प्राण्यांवरील क्रूरतेच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी या शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, तरी उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे घाट बंदच राहिले. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. बंदीच्या याच वर्षांत, विशेषतः २०१६ नंतर, मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले. घाट ओस पडले असताना गाडाशौकिनांच्या हातात जुन्या बाऱ्यांच्या चित्रफिती फिरत होत्या, त्यामुळे शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा प्रेक्षक दोन्हीकडे तयार होता : घाटाच्या कडेला आणि पडद्यासमोरही. २०२२ च्या मे महिन्यात चिखलीत भरलेल्या शर्यतीत बक्षीस म्हणून जेसीबी यंत्र ठेवले गेले. ज्या यंत्राने या गावांची शेते खणून इमारतींचे पाये काढले तेच बैलांच्या मालकासाठी बक्षीस व्हावे, हे या पट्ट्याच्या अर्थव्यवस्थेचे पुरेसे वर्णन आहे.

त्यानंतर खिलार बैलांच्या नावाने खाती आणि पाने उघडली गेली. त्यांची मांडणी कोणत्याही संकल्पक संस्थेने केलेली नाही, आणि ती पाहिली की कुस्तीच्या हँडबिलाशी असलेले नाते लपत नाही : वर दैवताचे नाव, मध्ये गुलालाने माखलेल्या बैलाचा मोठा फोटो, खाली मालक आणि गाव, आणि जुगलबंदी असेल तर दुसऱ्या मालकाचे नाव तितक्याच मोठ्या अक्षरांत. हँडबिलात नसलेली एक गोष्ट येथे आहे, ती म्हणजे सेकंदांची नोंद. मात्र एका घाटाचा चढ, लांबी आणि माती दुसऱ्या घाटासारखी नसल्यामुळे ही नोंद एकटी लिहिता येत नाही. निमगाव दावडीच्या खंडोबाच्या घाटातली वेळ आणि चिखलीतली वेळ शेजारी ठेवून कोणता बैल श्रेष्ठ हे ठरवता येत नाही, म्हणून प्रत्येक सेकंदापुढे घाटाचे नाव आणि जत्रेचे साल लिहावेच लागते; कबड्डीपटूच्या पानावरील गुणांना मैदानाचे नाव लागत नाही, बैलाच्या पानावरील आकडा गावावाचून वाचताच येत नाही.