कूपर ब्लॅक
कूपर ब्लॅक : रोमन लिपीतील एक ठसठशीत, गोलसर मुद्राक्षरवळण. अमेरिकन अक्षरकार ऑझ्वल्ड ब्रूस कूपर (१८७९–१९४०) यांनी ते रेखाटले व शिकागो येथील बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप ओतशाळेने १९२२ मध्ये विक्रीस आणले. मथळे, जाहिराती, वेष्टने व फलक यांसाठी ते मुख्यतः वापरतात. अक्षरांतील पोकळ्या अरुंद असल्याने बारीक आकारातील सलग मजकुरास ते सोयीचे नाही.

कूपर यांचा जन्म ओहायओ राज्यातील. शिकागो येथे फ्रँक होम यांच्या चित्रकला विद्यालयात त्यांना फ्रेडरिक गाउडी (१८६५–१९४७) यांचे मार्गदर्शन लाभले. १९०४ मध्ये त्यांनी फ्रेड बर्टश यांच्या भागीदारीत व्यवसाय सुरू केला. पॅकार्ड मोटारींच्या जाहिरातींसाठी त्यांनी हाताने रेखाटलेल्या अक्षरांवरून अमेरिकन टाइप फाउंडर्स या संस्थेने १९१३ मध्ये एक मुद्राक्षर तयार केले. त्यानंतर बार्नहार्टसाठी कूपर यांनी ‘कूपर’ हे जुन्या धाटणीचे वळण सिद्ध केले (१९१९). कूपर ब्लॅक हे त्याचेच अतिशय जाड रूप होय.

या वळणात रेषांची टोके व सेरिफ टोकदार नसून गोलावलेले असतात. जाड व बारीक रेषांतील तफावत थोडी असते. लहान लिपीतील अक्षरे उंचीला मोठी असल्याने शब्द दुरूनही वाचता येतो. ‘ओ’सारख्या अक्षराची पोकळी मागे कललेली असल्याने जाडपणातही हाताच्या रेखाटनाची लय टिकते.

जाहिरातदारांनी या वळणाचे स्वागत केले, तर परंपरानिष्ठ मुद्रकांनी ते भडक व बोजड ठरविले. त्याचा खप पाहून स्पर्धक संस्थांनी तशीच वळणे काढली. लॅन्स्टन मोनोटाइपसाठी खुद्द गाउडी यांनी रेखाटलेले ‘गाउडी हेवीफेस’ (१९२५) हे त्यांपैकीच एक.

शिशाच्या खिळ्यांची जागा छायाजुळणीने व घासून उमटविण्याच्या अक्षरांनी घेतली, तेव्हाही कूपर ब्लॅक मागे पडले नाही. अक्षरांचे तळ गोलसर असल्याने ओळीतील किंचित चढउतार डोळ्यांस खटकत नाहीत. हौशी हातांनाही ते पेलते. बीच बॉइज या गायकवृंदाच्या ‘पेट साउंड्स’ (१९६६) या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन त्याच अक्षरांत आहे. १९७० नंतरच्या दशकात इस्त्रीने सदऱ्यांवर उमटविण्याच्या अक्षरांतही ते रूढ झाले. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ईझीजेट या ब्रिटिश विमान कंपनीने आपल्या बोधचिन्हासाठी तेच स्वीकारले. पुढे संगणकांवरील लेखनप्रणालींतूनही ते घरोघरी पोहोचले.

आज हे वळण खेळकर व गतकालाची आठवण करून देणारे मानले जाते. हा अर्थ मूळ आराखड्यात नव्हता. १९२२ मध्ये ते ऐन काळाचे, व्यापारी गरजेतून घडलेले अक्षर होते. मुद्राक्षराचे स्वरूप रेखाटणाऱ्याच्या हाती ठरते; त्याला चिकटणारा भाव मात्र वापरणाऱ्या पिढ्या ठरवितात, याचे हे बोलके उदाहरण आहे.