काचेत उरलेले नगर : जुन्या बाटल्यांचा संग्रह आणि स्थानिक इतिहास

नाणी, पोस्टाची तिकिटे, ताम्रपट किंवा जुनी शस्त्रे यांचा संग्रह करणाऱ्याला समाजात मान असतो. जुन्या बाटल्या जमविणाऱ्याकडे मात्र अजूनही भंगार गोळा करणाऱ्याच्या नजरेने पाहिले जाते. वास्तविक एखाद्या गावात कोणते पाणी प्यायले जाई, औषधे कोठून येत, शाई कोणती वापरली जाई, याचा पुरावा ज्या मोजक्या वस्तूंत उरतो त्यांत काचेची बाटली अग्रभागी आहे. कागद कुजतो, लाकडाला वाळवी लागते, तांबे-पितळ मोडीत जाते. काच मात्र मातीखाली शंभर वर्षे पडून राहिली तरी तिच्यावरील अक्षरे वाचता येतात. निजामशाहीची राजधानी म्हणून १४९० साली वसलेल्या आणि पुढे ब्रिटिशांची मोठी छावणी झालेल्या अहमदनगरसारख्या शहराच्या बाबतीत तर हा पुरावा विशेष मोलाचा ठरतो.

छावणी, रेल्वे आणि सोडावॉटर

ऑगस्ट १८०३ मध्ये जनरल वेलस्लीने नगरचा भुईकोट किल्ला घेतला. पेशवाईच्या अस्तानंतर हा प्रदेश कायमचा इंग्रजी अमलाखाली आला आणि भिंगारलगत लष्करी छावणी वाढत गेली. बोअर युद्धातील कैदी आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन व ऑस्ट्रियन कैदी नगरला ठेवण्यात आले होते. हजारो गोऱ्या माणसांची अशी वस्ती जेथे असे, तेथे बाटलीबंद पेयांची मागणी आपोआप निर्माण होई. कॉलरा आणि हगवण यांची धास्ती घेतलेल्या युरोपियनांना विहिरीच्या पाण्यापेक्षा कारखान्यात भरलेले सोडावॉटर अधिक भरवशाचे वाटे.

आरंभी हा माल बैलगाडीने येत असे. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबई-पुण्याचा माल नगरच्या स्थानकावर उतरू लागला. मुंबईत पालनजी (१८६५) व ड्यूक (१८८९), पुण्याच्या लष्कर भागात अर्देशिर (१८८४) असे पारशी पेयव्यवसाय याच काळात नावारूपाला आले. पुढे लहान गावांतही सोडावॉटरचे यंत्र बसवून स्थानिक विक्री करणारे व्यावसायिक उभे राहिले. त्यांची नावे सरकारी दप्तरांत क्वचितच सापडतात. कित्येकदा ती केवळ बाटलीच्या अंगावरील उठावदार अक्षरांतच शिल्लक आहेत.

गोटीची करामत

या साऱ्या बाटल्यांत संग्राहकांना सर्वाधिक मोह पडतो तो गोटी सोड्याच्या बाटलीचा. इंग्लंडमधील हायरम कॉड या अभियंत्याने १८७२ च्या सुमारास या रचनेचे पेटंट घेतले. बाटलीच्या गळ्यात रबराची कडी आणि आत काचेची गोटी असते. बाटली उलटी धरून दाबाखाली भरली जाते. सरळ करताच आतला वायू गोटीला कडीवर घट्ट दाबून धरतो आणि वेगळे बूच लावण्याची गरज उरत नाही. अंगठ्याने किंवा लाकडी दट्ट्याने गोटी खाली ढकलली की ‘फुस्स’ आवाज होऊन सोडा मोकळा होतो. पेय ओतताना गोटी पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून गळ्याला दोन खोलगट चिमटे काढलेले असतात.

त्याआधीची बाटली अंडाकृती असे. बूच ओले राहावे, सुकून सैल पडू नये, यासाठी ती आडवीच ठेवावी लागे. म्हणून तिचा तळ मुद्दामच गोल केलेला असे. १८९२ साली अमेरिकेत विल्यम पेंटर याने पत्र्याच्या दातेरी झाकणाचे पेटंट घेतले आणि गोटीचे राज्य हळूहळू ओसरले.

मग इतक्या बाटल्या गेल्या कोठे? रिकामी बाटली परत घेऊन पुन्हा भरणे हाच या धंद्याचा पाया होता. म्हणूनच तिच्यावर मालकाचे नाव उठविलेले असे. फुटलेली बाटली काचेच्या भट्टीत वितळली. मुलांनी गोटीसाठी कित्येक फोडल्या. दंगलीत सोडावॉटरच्या बाटल्यांचा मारा झाल्याच्या बातम्याही जुन्या वाचकांना आठवत असतील. त्यामुळे मुंबईच्या मोठ्या कंपन्यांच्या बाटल्या तुलनेने अधिक मिळतात, तर तालुक्याच्या गावातील लहान व्यावसायिकाची अखंड बाटली खरोखर दुर्मीळ असते.

स्वदेशीची काच

बाटल्यांचा इतिहास केवळ छावणीचा नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या पैसा फंडाने १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना उभारला. सामान्य माणसाकडून पैसा-पैसा गोळा करून उभा राहिलेला हा उद्योग स्वदेशी चळवळीचे जिवंत उदाहरण होता. १९१६ साली ओगले बंधूंनी सुरू केलेला काचकारखाना कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला नाव देऊन गेला. तेथील ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत पोहोचला. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी शाईचा व्यवसाय सुरू केला, तोच पुढे ‘कॅमलिन’ झाला. विलायती बाटलीशेजारी तळेगावची किंवा ओगलेवाडीची काच ठेवली, तर एका पिढीचा आर्थिक विचार डोळ्यांसमोर उभा राहतो.

जुन्या दवाखान्यांतील औषधाच्या बाटल्याही अशाच बोलक्या आहेत. रुग्णाने घरून बाटली न्यायची, कंपाउंडरने तिच्यात ‘मिक्स्चर’ भरायचे आणि मात्रा कळावी म्हणून करवतीसारखी कातरलेली कागदाची पट्टी बाहेरून चिकटवायची, ही पद्धत अनेकांना आठवत असेल. ती पट्टी शाबूत असलेली बाटली हाती लागणे हे भाग्यच.

वय कसे ओळखावे?

साच्यात बनविलेल्या बाटलीच्या अंगावर उभी शिवण दिसते. ही शिवण गळ्याशीच थांबत असेल, तर तोंड हाताने घडविलेले असण्याची शक्यता अधिक. ती थेट ओठापर्यंत गेली असेल, तर बाटली बहुधा यंत्रावरची आहे. मायकेल ओवेन्स याचे स्वयंचलित यंत्र विसाव्या शतकाच्या आरंभी आले. मात्र ही खूण भारतात जपून वापरावी, कारण हाताने काच फुंकण्याची रीत आपल्याकडे पुढेही दीर्घकाळ टिकली.

काचेतील बुडबुडे व असमान जाडी हाताच्या कामाची साक्ष देतात. हिरवट झाक वाळूतील लोहामुळे येते. मँगनीज असलेली पांढरी काच दीर्घकाळ उन्हात राहिली की जांभळट होते. कंगोरे असलेली गडद निळी किंवा हिरवी बाटली बहुधा विषारी द्रव्याची असते. अंधारातही हाताला ओळख पटावी हा त्या कंगोऱ्यांचा हेतू. गोटी सोड्याच्या नव्या बाटल्या उत्तर प्रदेशातील सासनी येथे बनत आल्या आहेत. त्यामुळे गोटी दिसली म्हणजे बाटली जुनी, असा समज करून घेऊ नये.

कायदा आणि जतन

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची, शंभर वर्षांहून जुनी वस्तू ‘पुरावस्तू’ ठरू शकते. अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठविता येत नाहीत. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. फराहबाग किंवा सलाबतखानाची कबर, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेला चांदबिबीचा महाल, यांसारख्या संरक्षित वास्तूंच्या परिसरात हौसेखातर उकरणे हा गुन्हा आहे. लष्करी हद्दीत तर पाऊल टाकण्यापूर्वीच परवानगी हवी. संग्राहकाचे खरे क्षेत्र म्हणजे जुना बाजार, भंगाराची दुकाने आणि पाडकामाला निघालेल्या वाड्यांचे मालक.

बाटली हाती आली की आधी तिला कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावे. उकळते पाणी घातल्यास जुनी काच तडकते. आत थोडे तांदूळ व पाणी घालून हलविल्यास डाग सुटतात. वाळूने ओरखडे पडतात. मातीत राहिल्याने चढलेला सप्तरंगी थर घासून काढू नये. आत अज्ञात द्रव वा भुकटी असेल, तर वास घेण्याचा मोह टाळावा.

याहून महत्त्वाचे काम वहीतले आहे. बाटली कोठे, केव्हा, कोणाकडून मिळाली, तिच्यावर कोणती अक्षरे आहेत, तळाशी कोणती खूण आहे, हे त्याच दिवशी नोंदवावे. मग १८८४ चे अहमदनगर जिल्ह्याचे गॅझेटियर, व्यापाऱ्यांची नावे देणाऱ्या थॅकरच्या जुन्या डिरेक्टऱ्या आणि गावातील वृद्धांच्या आठवणी यांच्याशी त्या नोंदी ताडून पाहाव्यात. नोंद नसलेली बाटली केवळ शोभेची वस्तू उरते. नोंद असलेली बाटली इतिहासाचे साधन बनते.

पुण्यात दिनकर केळकर यांनी अडकित्ते आणि दिवे यांसारख्या घरगुती वस्तू जमवून संग्रहालय उभे केले, तेव्हा अनेकांना त्या वस्तू क्षुल्लकच वाटल्या असतील. नगरमध्येही १९६० पासून ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. खासगी संग्राहकांनी आपल्या नोंदींची एक प्रत अशा संस्थेकडे ठेवली, तर संग्रह विखुरला तरी माहिती टिकेल. २०२४ साली शहराचे अधिकृत नाव अहिल्यानगर झाले. ‘अहमदनगर’ ही अक्षरे काचेत उमटलेली नवी बाटली आता घडण्याचा संभव थोडाच. जुन्या आहेत त्यांची संख्या मात्र भट्टीगणिक घटते आहे. रद्दीवाल्याच्या पोत्यात पुढची बाटली टाकण्यापूर्वी तिच्यावरची अक्षरे एकदा वाचावीत, एवढे तरी प्रत्येकाला करता येईल.