काखडीचे शेत

पायाला चटका बसतो तेव्हा कळते, तुम्ही त्रिरश्मीच्या कातळावर अनवाणी उभे आहात. खाली मुंबई-आग्रा महामार्ग नाही, पाथर्डी फाट्याची गर्दी नाही. करपलेले माळरान आणि त्यापलीकडे गोदेची बारीक रेघ. पाठीमागे छिन्नीचा टकटक आवाज. लोक याला पांडवलेणी म्हणायला अजून खूप अवकाश आहे. आज हा तिरण्हु डोंगर. गौतमीपुत्र सातकर्णीच्या राज्याचे २४वे वर्ष, उन्हाळ्याचा दुसरा पंधरवडा, दहावा दिवस. राजाच्या हुकमात महिना नसतोच, पंधरवडा असतो.

अंगावरचे भिक्खूचे चीवर चाचपून पाहा. त्याचा पैसा बहुधा हरलेल्या पक्षाचा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ३,००० कहापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमचे ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढे वापरायचे. त्यातल्या २,००० वर महिना शेकडा एक, म्हणजे वर्षाला २४०. लेण्यात पावसाळा काढणाऱ्या २० भिक्खूंना कापडासाठी प्रत्येकी १२. हिशेब पैन् पै जुळतो. तो नगराच्या सभेत वाचून दाखवला, फलकावर नोंदवला. पुढे गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव केला आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर स्वतःचा ठसा मारला. जोगलटेंभीला १९०६ साली सापडलेल्या १३,००० हून अधिक नाण्यांत अशी दोनदा ठोकलेली हजारो आहेत.

नव्या राजानेही संघाला वाऱ्यावर सोडले नाही. १८व्या वर्षी त्याने वैजयंतीच्या विजयी छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला हुकूम धाडला: अपर काखडीतले, उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने (जमिनीचे तेव्हाचे माप) शेत तिरण्हुच्या भिक्खूंना द्यावे. जिंकलेली जमीन, ताजा विजय, मोठे दान. दानाची गोष्ट इथेच संपवायची आपल्याला सवय आहे. पण आता कान द्या, अमात्य सामकासमोर नवा हुकूम वाचला जातो आहे.

तो राजाच्या आणि राजमातेच्या, दोघांच्या नावाने आला आहे. आधी सामकाची खुशाली विचारावी, मग काम सांगावे, असे त्यातच लिहिले आहे. भाषा प्राकृत, पण मराठी कानाला ओळखीचे शब्द पकडता येतात: लेण, गाम, खेत. आणि मग ते वाक्य येते: काखडीचे दिलेले शेत कसले जात नाही, गावात वस्ती नाही.

इथे माझा तर श्वास अडकतो. एवढा मोठा विजेता स्वतःच्या हुकमात मान्य करतो, की आपले दान वाया गेले. तुम्ही चीवर घातले आहे, म्हणून तुम्हाला त्याचा अर्थ पोटातून कळेल. भिक्खू नांगर धरत नाही. शेतावर कुळ नसेल तर २०० काय नि २,००० काय, पात्रात काही पडत नाही.

बदली म्हणून नगराच्या शिवेवरच्या राजाच्या शेतातून १०० निवर्तने मिळतात. आधीपेक्षा निम्मी, पण कसणारा जवळ. सोबत सवलती: सरकारी माणसाने आत शिरायचे नाही, जमिनीला हात लावायचा नाही, मिठासाठी ती खणायची नाही, मुलखाच्या बंदोबस्तवाल्यांनी तिथे दखल द्यायची नाही. या मनायांवरून उरलेल्या शेतकऱ्यांच्या वाट्याला एरवी काय येत असेल, तेही दिसते.

हुकूम प्रतिहारी लोटेच्या हातून पक्का झाला तेव्हा पावसाळ्याचा चौथा पंधरवडा होता. मग हिवाळा गेला. निबंध, म्हणजे हुकमाची नोंद, सुजीवी आज करतो आहे. इतके महिने संघ कशावर राहिला, हे लेण्यात कोरलेल्या हुकमाच्या ओळींत नाही.

ऊन कलल्यावर डोंगर उतरा आणि शिवेवर जा. जमीन उकललेली आहे, ढेकळे अजून फुटायची आहेत. एक वाकून उचला, बोटांत चुरा. पहिला पाऊस पडला की इथे पेरणी होईल, आणि तुम्ही वर लेण्यात वर्षावासाला बसलेले असाल.